भाकरीतील विष आणि देहाची राखण

आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द आणि मंचरचा परिसर बाजरीच्या भाकरीवर पोसलेला आहे. पीक फुलोऱ्यात असताना पाऊस व ढगाळ हवा लांबली, तर कणसांतून मधासारखा चिकट स्राव पाझरतो आणि पुढे दाण्यांच्या जागी काळपट गाठी धरतात. हाच बाजरीचा अरगट रोग. तो बुरशीमुळे होतो. १९५६-५७ साली तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाऊन विषबाधेची साथ आली. १९७५ साली राजस्थानात हेच घडले. मळमळ, वांत्या, भोवळ आणि गुंगी ही तिची लक्षणे. तेथील रोगी एक-दोन दिवसांत बरे झाले. कोणी दगावले नाही.

मध्ययुगीन युरोपात मात्र राय नावाच्या धान्यावरील अरगटाने अनर्थ केला. त्यातील विषाने रक्तवाहिन्या आकसत, हातापायांची आग होई आणि बोटे काळी पडून झडत. लोक त्याला ‘संत अंतोनीचा अग्नी’ म्हणत. अशा रोग्यांच्या शुश्रूषेसाठी १०९५ च्या सुमारास फ्रान्समध्ये संत अंतोनीच्या नावे सेवाव्रती बंधूंचा संघ स्थापन झाला. बाजरीच्या अरगटातील विषद्रव्ये निराळी असल्याने आपल्याकडे हातपाय झडण्याची वेळ आली नाही.

परंतु बुरशीचे प्रत्येक विष असे लवकर उतरत नाही. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या शेजारच्या जिल्ह्यांत अवकाळी पावसाने मका भिजला. घरात दुसरे धान्य नसल्याने गरीब आदिवासी कुटुंबांनी तोच खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी साठले. नोंदलेल्या ३९७ रोग्यांपैकी १०६ जण मृत्यू पावले. ज्या कुत्र्यांनी तेच अन्न खाल्ले, तीही मेली. हे विष अफ्लाटॉक्सिनचे होते.

अफ्लाटॉक्सिन लहान आतड्यात शोषले जाते आणि रक्तावाटे यकृतात पोहोचते. यकृत त्याचे रूपांतर करू पाहते. पण या खटाटोपात मूळ विषाहून दाहक असे एक द्रव्य तयार होते. ग्लुटाथायोन नावाचा शरीरातील रक्षक पदार्थ त्याला बांधून निरुपद्रवी करतो आणि ते पित्तावाटे मलातून व मूत्रातून बाहेर पडते. विष फार झाले किंवा रोज येत राहिले, तर हा रक्षक अपुरा पडतो. मग ते दाहक द्रव्य यकृताच्या पेशींना चिकटून त्यांचा नाश करते. वर्षानुवर्षांच्या सेवनाने यकृताचा कर्करोगही संभवतो. काही अंश दुधात उतरतो. म्हणून बुरशीचा दाणा गुरांना घातला, तरी तो दुधावाटे आपल्या लेकरांकडे परत येऊ शकतो.

भाकरी तव्यावर कितीही भाजली तरी अफ्लाटॉक्सिन पुरते नष्ट होत नाही. तेव्हा राखण ताटापूर्वीच करावयास हवी. बाजरीचे बियाणे दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात टाकावे. तरंगणाऱ्या अरगटाच्या गाठी व हलके दाणे काढून नष्ट करावेत आणि तळाचे बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. मका व भुईमूग पूर्ण वाळल्याशिवाय साठवू नयेत.

देवाने देहाला स्वतःची राखण करण्याची शक्ती दिली आहे. पण तिला मर्यादा आहे, आणि उपाशी माणसाच्या देहात ती आणखी तोकडी पडते. म्हणून जे धान्य आपण आपल्या मुलांच्या ताटात वाढणार नाही, ते स्वस्तात मजुराच्या पदरात घालण्याचाही आपल्याला अधिकार नाही.