कारकून, सुतार आणि देवीकोट्टईचा किल्ला

श्रीरंगमच्या वरच्या अंगाला कावेरीचा प्रवाह दुभंगतो. उत्तरेकडचा ओघ कोल्लिडम या नावाने सरळ समुद्राकडे जातो. दक्षिणेकडची कावेरी अनेक फाट्यांनी तंजावरच्या मैदानात पसरते, आणि तिच्याच काठी, कावेरी व अरसलार यांच्या दरम्यान, कुंभकोणम् हे प्राचीन क्षेत्र वसलेले आहे. भातशेतीने समृद्ध झालेला हा सारा मुलूख इ. स. १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजी भोसल्यांच्या ताब्यात आला आणि पुढे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ तेथे मराठी राजघराणे नांदले. कोल्लिडमचे रुंद पात्र म्हणजे या राज्याचा उत्तरेकडचा नैसर्गिक खंदकच होता. ही नदी जेथे समुद्राला मिळते तेथे देवीकोट्टईचा किल्ला उभा होता. १७४९ साली तो इंग्रजांनी घेतला. त्या मोहिमेत दोन इंग्रजांचे काम डोळ्यांत भरते. त्यांतला एक व्यापारी कंपनीच्या कचेरीतून आलेला तेवीस वर्षांचा कारकून होता, तर दुसरा जहाजावरचा सुतार. कारकुनाचे नाव रॉबर्ट क्लाइव्ह. सुताराचे जॉन मूर.

क्लाइव्हचा जन्म २९ सप्टेंबर १७२५ रोजी श्रॉपशर परगण्यात झाला. बाप वकिली करणारा लहानसा जमीनदार. घरात मुले पुष्कळ आणि उत्पन्न बेताचे. शाळेत हूड म्हणून गाजलेल्या या मुलाला बापाने ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत चिकटवून दिले. १७४३ मध्ये तो निघाला. वाटेत जहाज ब्राझीलच्या किनाऱ्याला अडकून पडले, आणि जून १७४४ मध्ये तो मद्रासला उतरला. पगार वर्षाला ५ पौंड. काम म्हणजे कापडाचे गठ्ठे मोजणे, माल तपासणे, हिशेब लिहिणे. घरची आठवण, एकलेपणा आणि कंटाळा यांनी तो ग्रासलेला होता, हे त्याच्या त्या काळच्या पत्रांतून दिसते.

या कंटाळवाण्या आयुष्याला फ्रेंचांनी कलाटणी दिली. सप्टेंबर १७४६ मध्ये मद्रास त्यांच्या हाती पडले. क्लाइव्ह वेष पालटून निसटला आणि कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात पोहोचला. या किल्ल्याची पूर्वकथा मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. १६९० साली छत्रपती राजाराम महाराज जिंजीस असता त्यांच्या सरकारने देवनामपट्टणचा हा किल्ला कंपनीला विकला होता. आणि त्यासोबत किल्ल्यावरून डागलेल्या तोफेचा गोळा जेथवर जाईल तेथवरची जमीन देण्याचा करार झाला होता. मराठ्यांनी मोगलांशी झुंजताना पैशाच्या गरजेपोटी विकलेल्या त्या जागेतच पुढे तंजावरच्या मराठी राज्यावरील मोहीम सिद्ध व्हावी, हा इतिहासाचा विचित्र योग म्हटला पाहिजे. १७४७ मध्ये क्लाइव्हला लष्करात कनिष्ठ अधिकाऱ्याची सनद मिळाली. पुढल्या वर्षी पाँडिचेरीच्या फसलेल्या वेढ्यात त्याच्या धैर्याची वाहवा झाली. इतक्यात युरोपात तह झाला आणि फ्रेंचांशी चाललेले युद्ध थांबले.

आता कंपनीजवळ फौज होती, खर्च होता, पण शत्रू नव्हता. अशा वेळी तंजावरच्या गादीवरून दूर झालेला सयाजी (इंग्रजी इतिहासांतला ‘साहुजी’) मदत मागत आला. तुकोजी १७३६ मध्ये वारल्यानंतर तीन वर्षे तंजावरात वारसाचा गोंधळ माजला होता. अखेर १७३९ मध्ये तुकोजीचाच दुसरा मुलगा प्रतापसिंह गादीवर बसला. त्याच्या जन्माविषयी प्रतिपक्ष आक्षेप घेत असे. परंतु राज्य सावरण्याची कुवत त्याच्यात होती, हे निःसंशय. १७४९ पर्यंत त्याच्या कारकिर्दीस दहा वर्षे झाली होती, आणि कंपनी त्याच्याशी राजा या नात्यानेच पत्रव्यवहार करीत होती. तरीही सयाजीने देवीकोट्टई, तिच्या भोवतीचा मुलूख आणि युद्धाचा खर्च देऊ केला, तेव्हा कंपनीला त्याचा हक्क एकाएकी न्याय्य वाटू लागला.

पहिली स्वारी कॅप्टन कोप याने एप्रिल १७४९ मध्ये केली. तिचे स्वागत वादळाने केले. त्या तुफानात ‘नामुर’ हे नौदलाचे मोठे जहाज पाचशेंहून अधिक माणसांसह बुडाले आणि जमिनीवरच्या फौजेचे तंबू, जनावरे व सामान यांची दाणादाण उडाली. कोप कसाबसा कोल्लिडमपलीकडे गेला; पण सयाजीच्या बाजूने उठेल असे सांगितलेले एकही माणूस त्याला भेटले नाही. किल्ल्यावर काही गोळे टाकून तो परतला. ज्याच्यासाठी युद्ध, त्याला राज्यात पाठिंबा नाही, एवढे या स्वारीत स्पष्ट झाले. तरीही दुसरी स्वारी निघाली, कारण आता प्रश्न खर्चाच्या वसुलीचा आणि कंपनीच्या अब्रूचा होता.

मेजर स्ट्रिंजर लॉरेन्स सुमारे ८०० गोरे आणि १,५०० हिंदी शिपाई घेऊन समुद्रमार्गे आला. किल्ला नदीच्या पलीकडे होता आणि पात्र उतरून जाण्याजोगे नव्हते. येथे जॉन मूर पुढे आला. त्याने सुमारे चारशे माणसे मावतील असा प्रचंड तराफा बांधला. मग काळोख्या रात्री तो स्वतः पोहत पैलतीरी गेला आणि शत्रूच्या पहाऱ्याखाली एका झाडाच्या मुळाला कप्पी बांधून, तिच्यातून दोर ओवून परत आला. सकाळी तो दोर ओढून तराफा पलीकडे नेण्यात आला. तंजावरच्या बंदूकवाल्यांनी झाडीतून मारा केला, बरीच माणसे पडली. पण पाण्याचा खंदक ओलांडला गेला होता. सेनापतीची योजना एका कारागिराच्या हुन्नरावाचून कागदावरच राहिली असती.

तोफांनी तटाला खिंडार पडल्यावर पहिल्या हल्ल्याचे पुढारीपण क्लाइव्हने मागून घेतले. ३४ गोरे आणि ७०० शिपाई त्याला मिळाले. वाटेतला ओढा ओलांडून गोरे वेगाने पुढे सरले. शिपाई मागे राहिले. ही फट तंजावरच्या स्वारांनी नेमकी हेरली. तटाच्या आडोशाला दबा धरून बसलेली त्यांची तुकडी पाठीमागून तुटून पडली आणि ३४ पैकी २६ जण जागच्या जागी कापले गेले. एका स्वाराचा वार चुकवून क्लाइव्ह मागच्या शिपायांत जाऊन मिळाला. त्या हुकलेल्या वाराने किती इतिहास बदलला, याचा तर्क करण्यात अर्थ नाही; पण मराठी स्वाराची तलवार क्लाइव्हच्या इतकी जवळ आली होती, ही गोष्ट खरी. त्यानंतर लॉरेन्सने सगळी गोरी फौज एकवटून चाल केली आणि किल्ला पडला.

यानंतर जे घडले त्यातच या प्रकरणाचे मर्म आहे. प्रतापसिंहाने तहाची बोलणी सुरू केली आणि कंपनीने ती तत्काळ मान्य केली. देवीकोट्टई व सालिना ९,००० होन उत्पन्नाचा मुलूख कंपनीला मिळाला. युद्धाचा खर्चही प्रतापसिंहानेच द्यायचा ठरला. सयाजीला वर्षाला ४,००० रुपये नेमणूक लावून देण्यात आली आणि त्याने पुन्हा तंजावरला उपद्रव देऊ नये याची हमी इंग्रजांनी घेतली. ज्या हक्कासाठी युद्ध पुकारले तो हक्क मालासारखा वापरला गेला, आणि गिऱ्हाईक बदलताच किंमत वसूल करून बाजूला ठेवला गेला. प्रतापसिंहाला मात्र दोष देणे कठीण. उत्तरेकडून चंदासाहेब आणि फ्रेंच यांचे संकट त्याला दिसत होते. एक किल्ला देऊन एक शत्रू कमी करणे, हा त्याचा हिशेब त्या घटकेपुरता बरोबर होता.

क्लाइव्ह मोहिमेनंतर पुन्हा मुलकी नोकरीत परतला आणि फौजेला धान्यसामग्री पुरविण्याच्या कामावर नेमला गेला. या कामातील दलालीतून त्याच्या संपत्तीचा पाया घातला गेला. शिपाईगिरी आणि व्यापार यांच्यामधली भिंत त्याच्या आयुष्यात कधी उभीच राहिली नाही. १७५१ मध्ये अर्काटच्या किल्ल्यात त्याने ५० दिवस वेढा सोसला, तेव्हा मुरारराव घोरपड्यांचे स्वार त्याच्या मदतीस आले. १७५२ मध्ये त्रिचनापल्लीच्या संग्रामात तंजावरचा सेनापती मानकोजी इंग्रजांच्या बाजूला होता, आणि शरण आलेल्या चंदासाहेबाचा अंत त्याच्याच छावणीत झाला. १७५७ मध्ये प्लासीनंतर बंगालची गादी बदलली, तेव्हाही एका नवाबाविरुद्ध दुसऱ्या दावेदाराचा हक्क पुढे करण्यात आला होता. कोल्लिडमच्या काठी लहान प्रमाणात झालेला व्यवहार भागीरथीच्या काठी विराट स्वरूपात झाला.

तंजावरला त्या पहिल्या हिशेबाचे हप्ते फेडीतच राहावे लागले. १७६२ मध्ये कंपनीच्या मध्यस्थीने प्रतापसिंहाने अर्काटच्या नवाबाला २२ लक्ष रुपये बाकी आणि दरसाल ४ लक्ष खंडणी देण्याचे कबूल केले. सप्टेंबर १७७३ मध्ये नवाबासाठी कंपनीच्याच फौजेने तंजावर घेतले आणि प्रतापसिंहाचा मुलगा तुळजाजी कैद झाला. त्याच वर्षी लंडनला पार्लमेंटमध्ये क्लाइव्हच्या संपत्तीची चौकशी होऊन, त्याने २,३४,००० पौंड मिळविल्याचे नमूद झाले आणि त्याची देशसेवाही गौरविली गेली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात तो वारला. तुळजाजीला १७७६ मध्ये राज्य परत मिळाले. पण १७९९ च्या तहाने सरफोजींच्या हाती तंजावरचा किल्ला व परिसर एवढेच उरले, आणि १८५५ मध्ये शिवाजी पुत्राविना वारताच तेही संपले.

राज्य गमावलेल्या सरफोजींनी १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले कुळाचा वृत्तान्त मराठीत कोरवून घेतला, आणि सरस्वती महालात ग्रंथ जमविले. तंजावर-कुंभकोणम्‌च्या काही घरांतून तंजावरी मराठी आजही बोलली जाते. कोल्लिडमच्या मुखाशी गेलेला मुलूख परत आला नाही. कावेरीकाठी रुजलेली भाषा मात्र कोणत्याच तहात लिहून देता आली नाही.