तांबड्या पेशींची घडण : ‘वाढीचा घटक’ या संज्ञेचा इतिहास

शास्त्रीय परिभाषेतील एकच संज्ञा दोन भिन्न कल्पनांची वाचक झाली म्हणजे त्या शास्त्राचा इतिहास समजण्यास अडचण पडते. ‘वाढीचा घटक’ ही संज्ञा अशीच आहे. कधी ती अन्नातून मिळणाऱ्या द्रव्याला उद्देशून योजली जाते, तर कधी शरीराने पेशीला धाडलेल्या आज्ञेला. रक्तातील तांबड्या पेशींच्या जन्मकथेत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. आणि त्यांपैकी पहिल्याचा माग प्रथम लागला तो मुंबईत.

इ. स. १९२८ मध्ये लूसी विल्स ही ब्रिटिश संशोधिका मुंबईच्या हाफकिन संस्थेत आली. गरोदरपणी होणाऱ्या घातक पांडुरोगाचे कारण शोधणे हे तिचे काम होते. या रोगाने गिरणी-कामगार वर्गातील गरीब स्त्रिया दगावत असत. रुग्णांच्या रक्तातील पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने प्रमाणाबाहेर मोठ्या असत. अस्थिमज्जेतील पूर्वपेशी वाढत, मात्र त्यांचे केंद्रक अपक्वच राही. रोगजंतूंचा संशय फलदायी ठरला नाही. तेव्हा विल्सने तळपदे व मेहता या सहकाऱ्यांसह या स्त्रियांच्या आहाराची पाहणी केली. त्यांच्या ताटात फळे व भाजीपाला फारच थोडा असे. उंदरांवरील प्रयोगांत उवांतून पसरणाऱ्या जंतूंनी घोटाळा केला, म्हणून पुढे माकडांवर प्रयोग झाले. अखेरीस ‘मार्माइट’ या यीस्टच्या स्वस्त अर्काने रुग्ण सुधारू लागले. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्या द्रव्याला तेव्हा नाव नव्हते. ते ‘विल्स घटक’ म्हणूनच ओळखले जाई. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून एक अम्ल वेगळे करण्यात आले, आणि ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फोलिक अम्ल हे नाव मिळाले. आंध्रात जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील संशोधक गटाने १९४५ मध्ये त्याचे संश्लेषण केले. विल्सच्या घटकाचे हेच रूप होय.

दुसऱ्या अर्थाचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. रक्तनिर्मितीस चालना देणारे द्रव्य रक्तातच वाहत असते, अशी कल्पना कार्नो व देफ्लांद्र यांनी पॅरिसमध्ये १९०६ साली मांडली. मूत्रपिंडात मुख्यत्वे तयार होणारे हे एरिथ्रोपोएटिन १९७७ मध्ये मानवी मूत्रातून शुद्ध स्वरूपात मिळाले. ते ज्या ग्राहीला चिकटते, त्या ग्राहीचे जनुक १९८९ मध्ये हाती आले. ग्राही म्हणजे पूर्वपेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिन; बाहेरील संदेश स्वीकारून तो आत पोचविणे हे त्याचे कार्य. १९९० मध्ये कौरी व बाँड्युरंट यांनी दाखविले की, हा संदेश पूर्वपेशीला मुख्यतः मरणापासून वाचवितो. तो न मिळाल्यास पेशी ठरलेल्या क्रमाने स्वतःचा नाश करून घेते.

१९९४ मध्ये या दोन्ही धारा एकमेकींस मिळाल्या. फोलिक अम्लाच्या अभावी डीएनएची उभारणी अडते, आणि पूर्वपेशी एरिथ्रोपोएटिन असूनही आत्मनाश करते, हे त्या वर्षी सिद्ध झाले. थायमिडीन हे डीएनएचे घटकद्रव्य पुरविताच तो नाश टळला. आज्ञा पोचली तरी सामग्री नसेल तर पेशी घडत नाही. मुंबईतील त्या स्त्रियांच्या मज्जेत नेमके हेच घडत होते.

या बोधाचे मोल वऱ्हाडातही आहे. दक्षिणेस नांदगाव खंडेश्वर व उत्तरेस मेळघाट असा पसारा असलेल्या अमरावती जिल्ह्यासह विदर्भात सिकलसेल व्याधी आढळते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. या व्याधीत ती बहुधा १० ते २० दिवसांत नष्ट होते. मूत्रपिंड आज्ञा देत राहते, मज्जा अहोरात्र राबते, आणि फोलिक अम्लाचा साठा लवकर सरतो. म्हणून या रुग्णांना ते देण्याची प्रथा आहे. गिरणगावातील गरोदर स्त्रियांच्या ताटापासून सुरू झालेला शोध असा आजही वऱ्हाडातील रुग्णाच्या उपयोगी पडत आहे.