वर्गीकरणाची सक्ती आणि कचरावेचकांचा हक्क : पुणे शहराचा अनुभव

गृहनिर्माण संस्था, उपाहारगृहे आणि दुकाने यांनी आपला कचरा वेगळा करून पुनर्वापरासाठी दिलाच पाहिजे, या सक्तीचा इतिहास सामान्यतः न्यायालये व अधिसूचना यांच्या आधारे सांगितला जातो. अल्मित्रा पटेल यांची सर्वोच्च न्यायालयातील १९९६ ची जनहित याचिका, न्यायालयाने नेमलेल्या बर्मन समितीचा १९९९ चा अहवाल आणि पुढे २००० चे नागरी घनकचरा नियम, असा तो क्रम आहे. हा क्रम चुकीचा नाही, पण अपुरा आहे. नियम होण्याच्या कितीतरी आधीपासून शहरांत कागद, काच, पत्रा यांचा पुनर्वापर होतच होता. तो करणाऱ्या हातांचे सक्ती आल्यावर काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात पुण्याच्या संदर्भात केला आहे.

पुण्यातील कचरावेचकांमध्ये बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि त्याही प्रामुख्याने दलित समाजातील. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली अनेक कुटुंबे याच कामात स्थिरावली. दिवसभर कचराकुंड्या धुंडाळायच्या, मिळालेला माल संध्याकाळी प्रतवारी करून भंगारवाल्याच्या काट्यावर घालायचा, असा हा व्यवसाय होता. पांढरा कागद, पुठ्ठा, वर्तमानपत्र यांचे भाव निरनिराळे. ओल्या कचऱ्यात भिजलेल्या कागदाला मात्र भावच नाही. म्हणजेच ओला व सुका कचरा घरातच वेगळा होणे, ही पर्यावरणाची गरज ठरण्यापूर्वी या स्त्रियांची आर्थिक गरज होती. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील निरंतर शिक्षण विभागाच्या कार्यकर्त्यांनी ही बाब १९९० च्या सुमारास हेरली आणि कोरेगाव पार्क परिसरात नागरिकांकडून वेगळा केलेला कचरा थेट वेचकांना मिळवून देण्याचा प्रयत्न केला.

या प्रयोगातून पुढे आलेला पेच महत्त्वाचा आहे. त्याच भागात एका खासगी उद्योजकाने वाहनाद्वारे घरोघरचा कचरा उचलण्याची सेवा सुरू केली आणि वेचकांचा माल हातचा गेला. स्त्रियांनी याविरुद्ध निदर्शने केली. या संघर्षातून १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. नागरिकाने कचरा वेगळा करणे ही कृती दोन्ही वेळी एकच होती. बदलला होता तो केवळ तो घेणारा.

२००० च्या नियमांनी घरोघर संकलनाची आणि वर्गीकरणास प्रोत्साहन देण्याची जबाबदारी नगरपालिकांवर टाकली, परंतु कचरावेचक हा घटक त्यांत नव्हता. बर्मन समितीने ज्यांची दखल घेतली होती, ते नियमांच्या मसुदाकारांना दिसले नाहीत, याचे आश्चर्य वाटते. पुण्यात ही पोकळी स्थानिक पातळीवर भरून निघाली. पंचायतीच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी महानगरपालिकेने २००८ मध्ये करार केला. घराघरांकडून मिळणारे सेवाशुल्क आणि सुक्या कचऱ्याची विक्री, ही दोन्ही उत्पन्ने सभासद वेचकांची असतील, हा त्यातील गाभा होता. अर्थात कराराला मुदत असते. ती संपली की नूतनीकरणाचा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला आणि ठेकेदारांच्या पर्यायाची चर्चाही त्याबरोबर आली.

खरी सक्ती आली ती ८ एप्रिल २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी. दररोज सरासरी १०० किलोपेक्षा अधिक कचरा निर्माण करणाऱ्या आस्थापना ‘मोठे कचरा निर्माते’ ठरल्या. पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठी निवासी संकुले, तसेच हॉटेले व उपाहारगृहे यांनी एका वर्षाच्या आत वर्गीकरण करावे आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असे बंधन आले. याच नियमांत ‘कचरावेचक’ या शब्दाची व्याख्याही झाली. पुनर्वापरयोग्य माल मात्र ‘अधिकृत कचरावेचक किंवा अधिकृत पुनर्प्रक्रियाकार’ यांच्याकडे द्यायचा होता. या वाक्यातील ‘किंवा’ने बरेच काही ठरविले. ज्या संकुलाला नियमभंगाची धास्ती आहे, ते साहजिकच पावती, वाहन व नोंदवही देणाऱ्या कंपनीकडे वळते. ती ओला कचरा जिरविण्याचे यंत्रही बसवून देते आणि सुका माल आपल्याकडे ठेवते. डोक्यावरून पोते वाहणाऱ्या स्त्रीला यांपैकी काहीच देता येत नाही, जोपर्यंत तिच्यामागे एखादी संस्था उभी नाही. ‘अधिकृत’ हे विशेषण तिच्या बाबतीत महानगरपालिकेच्या ओळखपत्रावर अवलंबून राहते. पुण्यात हे ओळखपत्र पंचायतीने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकातच झगडून मिळविले होते, म्हणून येथील वेचकांना या तरतुदीचा आधार घेता आला. जेथे अशी संघटना नव्हती, तेथे व्याख्या कागदावर आली तरी सोसायटीचे फाटक उघडण्याचा अधिकार तिच्यामागोमाग आला नाही.

१ एप्रिल २०२६ पासून अंमलात आणावयाच्या नव्या नियमांनी वर्गीकरण चार प्रकारांचे केले आहे : ओला, सुका, स्वच्छताविषयक आणि विशेष काळजीचा. मोठ्या निर्मात्यांसाठी २०,००० चौरस मीटर बांधीव क्षेत्र, दररोज ४०,००० लिटर पाणीवापर किंवा १०० किलो कचरा, असे निकष घातले आहेत. स्वच्छताविषयक कचरा वेगळा बांधून मिळाल्यास वेचकाच्या हातांना होणारा उपद्रव कमी होईल, हे निश्चित. सुका डबा कोणाच्या हाती जाणार, हे मात्र प्रत्येक संकुलाच्या करारनाम्यातच ठरणार आहे.