धूर जाळणारी जाळी कधी साफ करावी?

मेणबत्ती फुंकून विझवा आणि वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराला लगेच जळती काडी लावा. ज्योत धुरातून खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते. वर्गात सहज करता येणाऱ्या या प्रयोगातून एक गोष्ट कळते : धूर म्हणजे बऱ्याच अंशी न जळलेले इंधनच.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेतील अनेक घरांत उबेसाठी लाकडाच्या बंदिस्त शेगड्या पुन्हा आल्या. आग रात्रभर टिकावी म्हणून त्यांची हवा कमी केली जाई. मग लाकडातून निघालेले वायू न जळताच धुराड्यात जात. त्यांचा काही भाग डांबरासारखा आतून चिकटे, आणि हा थर पेटला की घराला धोका. उरलेला धूर वस्तीभर पसरे. तो जाळायला सुमारे ६०० अंश सेल्सियस तापमान लागते. मंद शेगडीत ते कुठून येणार?

या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच हाती आले होते. खाणीतील सुरक्षा दिव्यावर काम करणाऱ्या हम्फ्री डेव्ही यांनी १८१७ मध्ये दाखवले, की गरम प्लॅटिनमची तार कोल गॅस आणि हवेच्या मिश्रणात धरली तर ज्योत नसतानाही ती तळपत राहते. वायू तारेच्या पृष्ठभागावर जळत होते. १८३५ मध्ये बर्झेलियस यांनी अशा क्रियांना जे नाव दिले, त्याला आपण 'उत्प्रेरण' म्हणतो.

मधल्या काळात, १८३४ मध्ये, मायकेल फॅरेडे यांनी याच पृष्ठभागाचा बारकाईने अभ्यास केला. प्लॅटिनमची पट्टी अगदी स्वच्छ असेल तरच ती हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा संयोग घडवते. नुसती हवेत ठेवली तरी तिची शक्ती कमी होते. काही वायू हे काम तात्पुरते अडवतात, तर हायड्रोजन सल्फाइडचा परिणाम मागे राहतो. मळणे वेगळे आणि विषबाधा वेगळी, हा फरक येथे दिसतो.

मोटारींनी तोच धडा पुन्हा दिला. १९७५ पासून अमेरिकेतील बहुतेक नव्या मोटारींत उत्प्रेरक बसले, पण शिशाचे पेट्रोल त्यांना निकामी करत असल्याने बिनशिशाचे पेट्रोल आणावे लागले. १९८० च्या सुमारास कॉर्निंग कंपनीने हेच तंत्र शेगडीत आणले. मधमाशांच्या पोळ्यासारख्या सिरॅमिकच्या जाळीवर पॅलेडियम किंवा प्लॅटिनमचा पातळ लेप दिलेला असतो. तिच्यामुळे धूर सुमारे २६० अंशांनाच जळू लागतो. शेगडी तेवढी तापेपर्यंत धूर दुसऱ्या वाटेने सोडतात. मग झडप बंद करून तो जाळीतून नेतात.

मग ही जाळी साफ कधी करायची? केवळ तारीख पाहून नव्हे, तर लक्षणे पाहून. दार उघडताच धूर खोलीत येतो आणि आग मंदावते. अशा वेळी भोके राखेने बुजली आहेत का ते पाहावे. लाकूड सुके आहे, शेगडी तापली आहे, झडप बंद आहे, तरी धुराड्यातून दाट धूर निघतो आणि जाळीजवळचे तापमान चढत नाही. हे दुसरे लक्षण. जाळी लाल दिसत नाही एवढ्यावरून मात्र ती बिघडली असे म्हणू नये. धूर कमी असेल तर ती न तळपताही काम करते.

साफसफाई शेगडी पूर्ण थंड झाल्यावरच करावी. मऊ ब्रशने राख झाडावी. तारेचा ब्रश वापरू नये, कारण त्याने लेपच निघतो. तेवढ्याने भागले नाही तर, उत्पादकाची सूचना असल्यास, निम्मे व्हिनेगर आणि निम्मे ऊर्ध्वपातित पाणी यांच्या मिश्रणात जाळी अर्धा तास मंद उकळतात, धुतात आणि पूर्ण वाळवतात. राख अल्कधर्मी आणि व्हिनेगर आम्लधर्मी. इथे ते का उपयोगी पडते, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहा.

इतके करूनही धूर जळत नसेल, तर लेप झिजला असेल किंवा त्याला विषबाधा झाली असेल. रंगवलेले लाकूड, प्लास्टिक किंवा दगडी कोळसा शेगडीत घातला होता का, हे आधी विचारावे. तसे असेल तर ते थांबवूनच नवी जाळी बसवावी. नाहीतर तिचीही तीच गत होईल.