उंसांतला बिबळ्या

सातारा आणि सांगली ह्या जिल्ह्यांचा इतिहास म्हटला कीं किल्ले, संस्थानें आणि प्रतिसरकार हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. आज मी ज्याची हकीकत सांगणार आहें, त्याला राज्य नाहीं, वंशावळ नाहीं. मुलूख मात्र पुरातन आहे. तो म्हणजे बिबळ्या.

इंग्रजी अमदानींत हिंस्र श्वापदें मारणाऱ्यास सरकारांतून बक्षीस मिळे. १९७२ सालीं वन्यजीवांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि पारडें फिरलें. कोयनेचें अरण्य १९८५ सालीं अभयारण्य ठरलें, चांदोली २००४ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, आणि २०१० सालीं दोहोंचा मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला.

परंतु बिबळ्याचें भवितव्य केवळ डोंगरांत ठरलें नाहीं. कऱ्हाडजवळ खोडशीच्या बंधाऱ्यापासून निघालेला कृष्णेचा कालवा एकोणिसाव्या शतकांतला. पुढें धरणें झालीं, सहकारी साखर कारखाने निघाले, आणि ज्वारीच्या जागीं ऊंस आला. ज्वारीचें रान कांहीं महिन्यांत मोकळें होतें. ऊंस वर्ष-दीड वर्ष उभा असतो. त्यांत आडोसा आहे, जवळ पाणी आहे, आणि वस्तीभोवतीं कुत्रीं, शेळ्या व डुकरें आहेत. मादी तेथेंच विते. तोडणी सुरू झाली कीं मजुरांना पिलें दिसतात. तीं तेथेंच ठेविलीं, तर आई पुष्कळदां रात्रीं येऊन त्यांना उचलून नेते. अशा पिलांचें घर अरण्य नव्हे, ऊंस हेंच होय.

म्हणून ‘धरा आणि जंगलांत सोडा’ हा उपाय वाटतो तितका सरळ नाहीं. जुन्नर भागांत २००१ ते २००३ ह्या काळांत अनेक बिबळे धरून अन्यत्र सोडण्यांत आले; त्या काळांत माणसांवरील हल्ले घटले नाहींत, उलट वाढले. २००९ सालीं टाकळी ढोकेश्वर येथें विहिरींत पडलेल्या एका वृद्ध नराला संशोधिका विद्या अत्रेय व वनखात्याच्या मंडळींनीं गळ्यांत पट्टा बांधून माळशेज घाटांत सोडलें. ‘आजोबा’ हें त्याचें नांव. महिन्याभराच्या आंत सुमारें १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या दाराशीं, संजय गांधी उद्यानाच्या परिसरांत पोंचला. वाटेंत त्यानें कोणाही माणसाला इजा केली नाहीं. माणसानें मात्र ती केली: २०११ च्या डिसेंबरांत हमरस्त्यावर वाहनाच्या धडकेनें तो मेला.

अमेरिकेंत लॉस एंजलिस शहरांतील एका टेकडीच्या उद्यानांत एक प्यूमा असाच दोन महामार्ग ओलांडून आला व सुमारें दहा वर्षें राहिला. २०२२ सालीं वाहनाची धडक व जुने विकार ह्यांनीं तो इतका जर्जर झाला कीं वैद्यांनीं त्याला शांतपणें मरण दिलें. दोन खंड, दोन पशु, कथा एकच.

तेव्हां प्रश्न बिबळ्या कां आला, हा नव्हे. त्याच्या वाटेवर शेत, शहर आणि सडक आपणच नेली. गोठा रात्रीं बंदिस्त ठेवणें, मुलांना अंधारांत एकटें न सोडणें, उकिरडे हटविणें, आणि तो दिसतांच गर्दी न करणें, एवढें आपल्या हातीं आहे. शेळी गमावलेल्या शेतकऱ्याला भरपाई वेळेवर मिळणेंही तितकेंच अगत्याचें आहे. कारण ह्या शेजाराचा खर्च तोच सोसतो, आणि त्याच्या उंसाची साखर आपण चहांत घालतों.