एक नाव, दोन 'राजपूत'

२०२१ च्या मे महिन्यात 'आयएनएस राजपूत' निवृत्त झाली, तेव्हा व्हॉट्सॲपवर फोटो आला: '१९७१ मध्ये पाकिस्तानी पाणबुडी गाझी बुडवणारी हीच ती!' मीही फॉरवर्ड केला. मग साल पाहिलं आणि खजील झालो. सोव्हिएत बांधणीची ही विनाशिका नौदलात आली तीच मुळी १९८० साली.

विशाखापट्टणमजवळ डेप्थ चार्ज टाकणारी राजपूत वेगळी. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश 'रॉदरहॅम', १९४९ मध्ये आपल्याकडे आलेली. ती केव्हाच भंगारात गेली. तिचं श्रेय मात्र नावासोबत धाकटीकडे आलं. तेही निर्विवाद नाहीच. पाकिस्तानच्या मते गाझी अपघाती स्फोटानं बुडाली. तिच्यातल्या नव्वदहून अधिक जणांपैकी कुणीच परतलं नाही.