माल खाली की माणूस वर?

वखार म्हटली की पोत्यांची थप्पी आणि पाठीवर ओझे वाहणारा हमाल, हे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु शंभर पोती एकदम हलविण्यापेक्षा शंभर गिऱ्हाइकांच्या शंभर निरनिराळ्या मागण्या पुऱ्या करणे अधिक कठीण असते. वखारीतील यंत्रांचा इतिहास हा बव्हंशी या अडचणीचा इतिहास होय.

अमेरिकेतील सीअर्स रोबक कंपनी टपालाने मागविलेला माल घरोघर पाठवीत असे. शिकागो येथील तिची प्रचंड वास्तू १९०६ साली सुरू झाली. प्रत्येक मागणीची वेळ ठरलेली असे आणि त्या वेळेत प्रत्येक खात्याने आपापली वस्तू एकत्र करण्याच्या जागी पोचवावयाची, अशी योजना ऑटो डोअरिंग यांनी आखली होती. माल सरकत्या पट्ट्यांवरून व घसरणींवरून धावे. फळीवरून तो काढणारे हात मात्र माणसाचेच होते.

१९१७ साली मिशिगनमधील क्लार्क कंपनीने आपल्या कारखान्यातील सामान वाहण्यासाठी एक यांत्रिक गाडी बनविली. अशा गाड्यांतूनच पुढे फोर्कलिफ्टचा विकास झाला. दुसऱ्या महायुद्धात पॅलेट, म्हणजे माल रचण्याची लाकडी बैठक, सर्वत्र रूढ झाली आणि मांडण्या छतापर्यंत पोचल्या. परंतु फोर्कलिफ्ट सबंध पॅलेट खाली आणते. तीतील एकच खोके हवे असेल तर काय करावे?

ऑर्डर पिकर हे या प्रश्नाचे उत्तर. यात चालकाची उभी राहण्याची फळीच काट्यांसह वर चढते. माल खाली न येता माणूस मालापाशी जातो, चिठ्ठीबरहुकूम वस्तू काढून पॅलेटवर ठेवतो आणि तेथूनच गाडी पुढच्या खणाकडे नेतो. उंचावरून तोल जाण्याचा धोका असल्यामुळे त्याच्या अंगावरील पट्टा यंत्राला जखडलेला असतो. अरुंद वाटांत जमिनीखाली पुरलेली तार गाडीला सरळ ठेवते.

पुढे हा क्रम पुन्हा उलटला. २००३ साली स्थापन झालेल्या किवा सिस्टिम्सने सबंध मांडणीच उचलून माणसापाशी आणणारे ठेंगणे यंत्रमानव तयार केले. २०१२ साली अ‍ॅमेझॉनने ही कंपनी ७७.५ कोटी डॉलरना विकत घेतली.

कामगाराची पायपीट अशी वाचली; पण तासाला किती वस्तू काढल्या याचा हिशेब त्याच्या मागे लागला. कॅलिफोर्नियाने २०२१ साली कायदा करून असे उद्दिष्ट कामगाराला लेखी कळविणे बंधनकारक केले आणि त्यापायी जेवणाची, विश्रांतीची वा शौचाची वेळ हिरावून घेण्यास मनाई केली. डोक्यावर ओझे वाहणाऱ्या माथाडींसाठी महाराष्ट्राने १९६९ सालीच कायदा केला होता. ओझे डोक्यावरून उतरून घड्याळावर चढले, तरी ते वाहणारा माणूसच आहे. त्याची काळजी यंत्र घेणार नाही, ती समाजालाच घ्यावी लागेल.